पुठ्ठ्यावरचे पेशंट

आमच्या इस्पितळात औषध देण्याआधी पेशंटचा हात स्कॅन करायची पद्धत आली, तेव्हा मला मेट्रन होऊन आठ वर्षं झाली होती. मेट्रन झाल्यावर गणवेश सुटला, साडी आली, काचेची केबिन आली, आणि पेशंटच्या उशाशी उभं राहणं कधी बंद झालं ते माझं मलाही कळलं नाही. राउंड घ्यायचे, पण शाळा तपासायला आलेल्या बाईसारखे. चादर नीट आहे का, सलाईनच्या बाटलीवर वेळ लिहिली आहे का, एवढं बघायचं आणि पुढे निघायचं.

इस्पितळ इंदूरमधलं, ट्रस्टचं, ना फार मोठं ना लहान. आमचे डायरेक्टर म्हणजे हातातली सुरी खाली ठेवूनही सर्जनच राहिलेले एक वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. त्यांनी एका सोमवारी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि टेबलावर एक काळं यंत्र ठेवलं. दुकानात बिल करताना वापरतात तसलं. प्रत्येक पेशंटच्या मनगटावर काळ्या रेघा छापलेला पट्टा बांधायचा, औषधाच्या प्रत्येक पुडीवर तसल्याच रेघा. आधी मनगट स्कॅन करायचं, मग पुडी. दोन्ही जुळलं तर सोबतच्या टॅबवर हिरवी खूण येणार. नाही जुळलं तर स्क्रीन लाल होणार आणि मशीन ओरडणार.

"आंखें थकती हैं, मशीन नहीं थकती," मोठे सर म्हणाले.

मला ते पटलं. आजही पटतं. चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जाणं काय असतं, ते ज्यानं एकदा पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तरुणपणी दुसऱ्या एका ठिकाणी मी ते पाहिलं होतं. त्यामुळे हे काम मी अगदी अंगावर घेतलं.

सिस्टर्सनी मात्र ते अंगाला लावून घेतलं नाही. पहिल्या आठवड्यातच कुरकुर सुरू झाली. "मॅडम, हम पेशंट देखें कि पट्टी देखें?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "चौदा वर्षांत माझी एक चूक दाखवा, मग स्कॅन करते." मशीन कधीही बघावं तर चार्जिंग संपलेलं. सर्जरी वॉर्डातलं एक पाण्याच्या बादलीत पडलं. कोणी पाडलं नाही, नुसतं पडलं. मी मिटिंगा घेतल्या, समजावलं, रागावले. ट्रेनिंगला आलेल्या कंपनीच्या बाईंना पुन्हा एकदा बोलावलं. काही उपयोग नाही.

मग मी तो उपाय केला, ज्याची मला अजून लाज वाटते. औषधाची वेळ आठची असेल तर साडेआठपर्यंत स्कॅन व्हायला हवं, नाहीतर त्या सिस्टरचं नाव माझ्या मोबाईलवर यायचं. उशीर करणाऱ्यांना मी लेखी नोटीस द्यायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत सात नोटिसा, सगळ्यांवर माझी सही.

तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. वेळेवर झालेल्या स्कॅनचे आकडे चढले. आधी मेल मेडिकल वॉर्ड, मग सर्जरी, मग बाकीचे. महिनाअखेरीला सगळे वॉर्ड हिरवे. मोठ्या सरांनी त्या आकड्यांचा तक्ता मोठा छापून लिफ्टसमोर लावला. काही महिन्यांनी बाहेरची मंडळी तपासणीला यायची होती, त्यांना दाखवायला हे आयतंच झालं. मिटिंगमध्ये सर म्हणाले, "मेट्रन मॅडम ने कर दिखाया." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "शेवटी आल्या एकदाच्या वठणीवर!" त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

मेल मेडिकलचा आकडा सगळ्यांत आधी चढला, याचा मला विशेष आनंद होता. त्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी महूहून नवी नवी नोकरीला आले, तेव्हा तिनंच मला हाताला धरून शिकवलं होतं. नस सापडत नसेल तर डोळे मिटून बोटानं शोध, चार्टवर लिहिताना आकडा असा काढ की उद्या कोर्टात वाचला तरी एकच वाचता यावा, हे सगळं तिचं. तिचं माहेर कृष्णपुऱ्याकडचं, पूर्वज संस्थानच्या पागेत. माझे आजोबा फौजेत शिपाई, वडील महूच्या छावणीत दवाखान्यातच कामाला. आमचा तसा काही मेळ नव्हता, पण पहिल्या महिन्यात तिनं माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलून खाल्ली आणि आपली पोळी माझ्यापुढे सरकवली, तेव्हापासून आमचं जमलं. चारचौघांत मला मॅडम म्हणायची, एकटी असली की तू. या मशीनवर तिनं मिटिंगमध्ये एक शब्दही काढला नव्हता. नुसती ऐकून घ्यायची. मला वाटलं, माझ्यासाठी तिनं पुढाकार घेतला.

पुढच्या महिन्यात तिच्या भाचीचं देवासला लग्न होतं. ती तीन दिवस रजेवर गेली. तिच्या जागी मी सर्जरी वॉर्डातली एक सिस्टर पाठवली. पहिल्याच दिवशी सकाळी पावणेआठला मी त्या वॉर्डात गेले, तर ही बाई कपाटं उघडून काहीतरी शोधतेय. मी विचारलं, "काय हवंय?"

ती सहज म्हणाली, "मॅडम, इथला पुठ्ठा दिसत नाहीये. कुठे ठेवतात?"

"कसला पुठ्ठा?"

तिचा चेहरा असा झाला की मला पुढचं विचारावंच लागलं नाही. तिला वाटत होतं, मला माहीत आहे. नंतर कळलं, सगळ्यांनाच तसं वाटत होतं. आकडे हिरवे झालेत, मॅडम खूश आहेत, म्हणजे मॅडमनी डोळेझाक केलीय, असा सगळ्या इस्पितळाचा समज.

चादरींच्या कपाटात, उशांच्या खोळींखाली तो सापडला. एक्स-रेच्या खोक्याचा कापलेला, चौकोनी पुठ्ठा. त्याच्यावर ओळीनं बावीस चिकटपट्ट्या, प्रत्येक पेशंटच्या पट्ट्याची दुसरी प्रत. प्रत्येकीच्या बाजूला खाटेचा नंबर. पेशंट घरी गेला की त्याची पट्टी काढायची, नवा आला की त्याची लावायची. सकाळी आठला एकीनं टेबलाशी बसून पुठ्ठ्यावरचे बावीस पेशंट आणि ट्रॉलीतल्या पुड्या पटापट स्कॅन करायच्या, पाच-सात मिनिटांचं काम. मग बाकीच्यांनी ट्रॉली घेऊन, पूर्वीसारखंच, नंबर बघून औषधं वाटायची. आणि ते नंबर कोणाच्या हातचे होते ते मी लांबूनही ओळखलं असतं. कोर्टातही एकच वाचता येईल असे आकडे.

"इथला पुठ्ठा, म्हणालीस," मी विचारलं. "मग बाकीचे?"

ती खाली बघत म्हणाली, "सगळीकडे आहे, मॅडम."

पुठ्ठा साडीच्या पदराखाली झाकून मी केबिनमध्ये आणला. स्वतःच्याच इस्पितळात चोरी केल्यासारखी. दिवसभर मला काही सुचलं नाही. बाहेर लिफ्टसमोर तो तक्ता लटकलेला, आणि त्याखाली माझं नाव. सरळ जाऊन सांगावं, तर महिनाभर मी खोटे आकडे वर पाठवले हे कबूल करणं आलं. गप्प बसावं, तर उद्या काही झालं म्हणजे? मशीन सांगतंय की स्कॅन झालं. कागदावर सगळं बरोबर, आणि माणूस मेलेला.

घर आमचं भंवरकुआंच्या पुढे. संध्याकाळी क्लासेस सुटले की त्या रस्त्यावर पाठीवर बॅगा घेतलेल्या पोरांचा पूर असतो. त्या पुरातून चालत घरी गेले आणि महूला बाबांना फोन लावला. बाबांचं वय झालंय, कान मंद आहेत, सगळं ओरडून सांगावं लागतं. म्हणजे माझं हे गुपित आमच्या अख्ख्या मजल्याला कळलं असणार.

सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "खोटा रिपोर्ट दिलास का तू?"

"मी नाही दिला बाबा, माझ्या हातून गेला."

"मग दिलाच की."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेबाला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तू सांग," बाबा म्हणाले. "पण आधी काय झालंय ते नीट बघून घे. अर्धवट माहिती घेऊन साहेबापुढे उभं राहायचं नाही."

इनचार्ज सिस्टर रजेवरून आली त्या दिवशी दुपारी मी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पुठ्ठा ठेवला. ती लग्नाचे लाडू घेऊन आली होती. डबा तिनं पुठ्ठ्याच्या शेजारी ठेवला आणि बसली.

"हे तू केलंस?" मी विचारलं.

"हो, मीच केलं. बाकीच्यांनी माझं बघून केलं. त्यांना काही बोलू नकोस."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "पण त्याआधी ती पोरगी रडत आली होती माझ्याकडे, जिला तू नोटीस दिलीस. ती एकटीच प्रत्येकाचा हात स्कॅन करत होती. तेवढी एकच इमानदारीनं करत होती, म्हणून तिला उशीर झाला. आणि नोटीस कोणाला? तिलाच."

मी म्हटलं, "मग मला येऊन सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? तू मिटिंगमध्ये काय म्हणालीस? बहाणे नकोत." मग तिचा आवाज खाली आला. "अगं, तू एकदा राउंड घे. सगळा. बावीस पेशंट, सकाळचा आठचा. एकही हात न सोडता. मग मला काय बोलायचं ते बोल. राजीनामा माग, देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी ट्रंकेतून काढलेला जुना गणवेश घालून मेल मेडिकलमध्ये उभी राहिले. तो कमरेत घट्ट झाला होता. सिस्टर्स एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. इनचार्ज सिस्टर म्हणाली, "मी फक्त मागे चालीन. हात नाही लावणार." मी ट्रॉली ढकलली.

पहिल्या खाटेवर काही अडचण आली नाही. दुसऱ्या खाटेवरचे आजोबा हात अंगाखाली घेऊन झोपले होते. त्यांना उठवलं, तर ते मला ओरडले, "अरे बाई, सुबह-सुबह क्या टूं-टूं लगा रखी है?" तिसऱ्याच्या पट्ट्यावर सलाईन सांडून रेघा पुसल्या होत्या. पट्टा नवा छापायचा तर प्रिंटर खाली, पहिल्या मजल्यावर. चौथ्याचं मनगट इतकं बारीक की पट्टा गोल गुंडाळला जायचा आणि मशीनला रेघा पूर्ण दिसायच्याच नाहीत. सहाव्याला स्क्रीन लाल झाली. पेशंट बरोबर, गोळी बरोबर, पण मेडिकल स्टोअरमधून त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी आली होती. मशीनला ती ओळखता येईना. अशा वेळी स्क्रीनवर 'कारण निवडा' येतं, तिथं 'इतर' दाबलं की पुढे जाता येतं. मी दाबलं. आठव्याला पुन्हा तेच. नवव्यालाही. दहाव्याला तर मी स्क्रीनकडे नीट बघितलंसुद्धा नाही, बोट आपोआप 'इतर'वर गेलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेनऊ वाजले होते, अजून निम्मा वॉर्ड बाकी. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता, आणि मोबाईल खिशात थरथरत होता. उशीर झाल्याचा निरोप, माझ्याच नावानं, मलाच.

अकराव्या खाटेवरच्या पेशंटला इन्सुलिन होतं. चाळिशीचा माणूस, भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी त्याचा हात ओढून स्कॅन केला, मग इन्सुलिनची बाटली. स्क्रीन लाल, मशीन ओरडलं. "काय कटकट आहे," मी म्हटलं आणि 'इतर' दाबलं. सुई भरलेलीच होती. मी त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला.

"मॅडम," मागून आवाज आला. "एक मिनिट." इनचार्ज सिस्टर पुढे आली आणि तिनं वाकून त्या माणसाला विचारलं, "भिया, नाम क्या है आपका? पूरा बताना."

त्यानं नाव सांगितलं. ते अकरा नंबरचं नव्हतं.

शेजारच्या बारा नंबरवरचा माणूस उठून बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "सिस्टर, वो हमने पलंग बदल लिया था कल शाम को. उधर कूलर की हवा सीधी लगती है, मेरे को ठंड लग रही थी."

माझ्या हातातली सुई ज्याला मी टोचणार होते, त्याला शुगर नव्हतीच. काविळीचा पेशंट, पोटात अन्न ठरत नव्हतं, आदल्या दिवशी दुपारपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं. त्या डोसनं त्याचं काय झालं असतं, ते मला तिथल्या तिथे, पुस्तकात वाचावं तसं, ओळीनं दिसलं. मी सुई ट्रेमध्ये ठेवली.

इनचार्ज सिस्टरनं ती सुई उचलून टाकून दिली. मग त्या माणसाच्या दंडावरचं ओलं स्पिरिट कापसानं पुसलं, जणू काही घडलंच नाही अशा थाटात. "आराम करो भिया," म्हणाली. माझा दंड धरून तिनं मला खिडकीपाशी नेलं आणि पाण्याची बाटली दिली.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"मला कुठं कळलं? मशीन ओरडलं ना," ती म्हणाली. "ते बरोबर सांगत होतं. पुठ्ठ्यावर असतं तर ओरडलंच नसतं." तिचे डोळे भरले होते, हे मी नोकरीत पहिल्यांदाच बघत होते. "महिनाभर वॉर्डात नंबर बघून वाटतोय आम्ही. कोणी पलंग बदलला असेल आधी, कोणाला काय गेलं असेल, काय माहीत गं."

तिनं पेशंटला नाव विचारायची सवय कधीच सोडली नव्हती, हे मला माहीत होतं. तिच्या हाताखालच्या मुली तेवढ्या घाईत ते विचारतीलच असं मात्र नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी महिन्याभराचे केस पेपर काढले आणि दोन दिवस बसून वाचले. कोणाला अचानक चक्कर, कोणाची शुगर उगाच खाली, कोणाला अंगावर पुरळ, असं काही सापडतंय का ते बघत होतो. नाही सापडलं. शेवटचा पेपर मिटला तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "वाचलो." मी पेपरांचे गठ्ठे बांधायला घेतले.

मग मी पुठ्ठा घेऊन मोठ्या सरांकडे गेले. तीही येते म्हणाली. मी नको म्हटलं. रिपोर्टवर सही माझी होती.

सरांनी पुठ्ठा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "ये क्या है?"

मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, बाकीचे वॉर्ड, माझा राउंड, अकरा नंबर. काही लपवलं नाही, 'इतर' दाबलं तेही नाही. सांगताना मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होते.

"मतलब वो चार्ट झूठा है," ते म्हणाले.

"हो सर."

"आपने साइन किया है."

"हो सर."

"इन्स्पेक्शन को कितने दिन हैं, मालूम है?"

"मालूम आहे सर."

ते उठून खिडकीशी गेले. ते चिडले की कान लाल होतात, हे थिएटरमध्ये काम केलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. कान लाल झाले होते. मी मनात ठरवून टाकलं होतं की आज खुर्ची जाणार. नवऱ्याला तसं सांगूनही आले होते.

"इंजेक्शन लगा नहीं ना?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"नाही सर. लागलं नाही."

"पक्का?"

"पक्का सर. पेशंट आज घरी गेला. जाताना पोहे खाऊन गेला."

हे शेवटचं वाक्य मी का म्हटलं कोणास ठाऊक. पण सर वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलेलं दिसलं. ते खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे चोळले. "वो चार्ट उतरवाइए," म्हणाले. "और उस कंपनी वाली मैडम को बुलाइए. यहां नहीं, वॉर्ड में. पूरे बाईस पेशंट करवाइए उनसे." मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा म्हणाले, "और मैडम, नोटिस वापस लीजिए. खुद जाके."

मला जिना उतरताना जाणवलं की पाय हलके झालेत. आठवड्याभरात पहिल्यांदाच मला भूक लागली होती. केबिनमध्ये जाऊन मी देवासचे दोन लाडू उभ्या उभ्या खाल्ले.

नोटिसा परत घ्यायला मी सातही जणींकडे गेले. हे सरांपुढे उभं राहण्याहून अवघड निघालं. एकीनं ती कधीच फाडून टाकली होती, म्हणाली, "जाने दो मैडम." एकीला माफी मागितल्यावर इतकं अवघडल्यासारखं झालं की तीच मला सॉरी म्हणत राहिली. जी एकटी इमानदारीनं स्कॅन करत होती, तिनं मात्र पर्समधून घडी घातलेली नोटीस काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चुकीनं दिली होती असं लिहून द्या, मॅडम. सहीसकट." मी लिहून दिलं. तो कागद तिनं पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवला. ती माझ्याशी आजही कामापुरतंच बोलते. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

कंपनीच्या बाई आल्या. बिचाऱ्या उंच टाचांचे सँडल घालून आल्या होत्या. बाराव्या खाटेपर्यंत त्यांनी सँडल काढून हातात घेतले. चौदाव्याच्या पुढे खांबाआड गेलं की नेटवर्कच जातं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पाणी लागलं तरी न पुसणारे पट्टे दुसऱ्या महिन्यात आले. वॉर्डातच छोटा प्रिंटर आला. मेडिकल स्टोअरमधून गोळीची कंपनी बदलली की त्यांनीच आधी मशीनला कळवायचं, असं ठरलं. त्यामुळे लाल रंग क्वचित दिसू लागला, आणि दिसला की हात थांबू लागले. अर्ध्या तासाची सक्ती गेली. सुरुवातीला फक्त इन्सुलिन, रक्त आणि जोखमीची इंजेक्शनं स्कॅन करायची, बाकीचं हळूहळू. ही यादी कंपनीनं केली नाही, मीही केली नाही. इनचार्ज सिस्टरनं सगळ्या वॉर्डांतल्या दोन-दोन जणींना घेऊन केली. निम्मी मराठी, निम्मी हिंदी, आणि ठिकठिकाणी औषधांची इंग्रजी नावं. त्या मिटिंगमध्ये मी कोपऱ्यात बसून नुसता चहा पाजायचं काम केलं.

तपासणीची मंडळी आली तेव्हा आमचे आकडे कमी होते. त्यांच्यातल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, इतके कमी का? मोठ्या सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, पुठ्ठ्यासकट. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हमारे यहां भी था." शेरा मिळाला, सुधारणा करा असा. पण पास झालो. त्या दिवशी सरांनी सगळ्या वॉर्डांत कचोऱ्या वाटल्या, आणि मी रविवारी दुपारी साडेतीन तास झोपले. उठले तर नवऱ्यानं चहा करून ठेवलेला, आणि मला क्षणभर आठवेना की मी कशाची काळजी करत होते.

इनचार्ज सिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त झाली. हार, शाल, भाषणं. तिनं भाषण केलं नाही. आठवड्याभरानं दुपारी तिचा फोन आला. "मोकळी आहेस? सराफ्यात यायचंय, एकटीला कंटाळा येतो."

राजवाड्याशी भेटलो आणि चालत गेलो. दुपारचा सराफा, सगळ्या पेढ्या उघड्या, गिऱ्हाईक तुरळक. तिला सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या वाढवून घ्यायच्या होत्या. ड्यूटीवर हातात काही घालायचं नाही, म्हणून छत्तीस वर्षं त्या डब्यात पडून होत्या. आता निघाल्या तर हातात जाईनात. सराफानं आठवड्यापूर्वी घेऊन वाढवून ठेवल्या होत्या. तरी पहिली अंगठ्याच्या सांध्याशी अडकली. सराफानं साबणाचं पाणी आणलं. मी तिचा हात धरला, तिनं डोळे मिटले, आणि पाटली एकदम सुर्रकन आत गेली.

"दुखलं का?" मी विचारलं.

"छे गं," ती म्हणाली, आणि हात पुढे करून दोन्ही मनगटं बघत बसली. मग तिनं हात जोरात हलवला, पाटल्या वाजल्या, आणि ती अशी खदखदून हसली की शेजारच्या पेढीतला माणूस डोकावून बघू लागला.

आम्ही बाहेर पडून एकेक ग्लास शिकंजी घेतली. तिची रिक्षा तिकडे गेली, मी भंवरकुआंची बस पकडली. बसमध्ये बसायला जागा नव्हती, क्लासची पोरं खचाखच भरलेली. एकानं उठून जागा देऊ केली. मी म्हटलं, "राहू दे बेटा, मला उभं राहायला आवडतंय." आणि खरंच, घर येईपर्यंत दांडा धरून मजेत उभी होते.